दहावा धडा डॉक्टरचा होता

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं नाशिकला आलात, तेव्हा धाकट्याने माझ्या कपाटातून तो करड्या रंगाचा, वहीसारखा मिटणारा, दोन पडद्यांचा व्हिडिओ गेम बाहेर काढला आणि विचारलं, "आज्जी, यात एकच गेम आहे, आणि तोही बोअर. मी नेऊ?" मी नाही म्हटलं. मी तुम्हाला सहसा कशाला नाही म्हणत नाही, म्हणून त्याला राग आला. थोरलीने त्याला गॅलरीत नेऊन काहीतरी समजावलं. पण तिलाही सगळं माहीत नाही. ती तेव्हा चार वर्षांची होती. तुमच्या आईला त्या दुपारचं काहीच आठवत नाही, आणि तुमचे बाबा तिथे नव्हते. सगळं पाहिलेली आणि लक्षात असलेली मी एकटीच उरते. म्हणून क्रमाने लिहिते.

तुमच्या बाबांना कंपनीने जपानमधल्या एका लहान गावी पाठवलं, तेव्हा तुमच्या आईला सहावा महिना लागला होता. थोरलीच्या वेळचं बाळंतपण माझ्याकडेच, गंगापूर रोडच्या घरी झालं होतं. या वेळी ती तिकडे आणि मी इकडे. मी महिनाभर आधी तिच्याकडे जायचं, असं आम्ही गृहीत धरून चाललो होतो. व्हिसाचे कागद दिले होते, बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. आणि एके दिवशी ती फोनवर म्हणाली, "आई, राग मानू नकोस, पण खरं सांगते. हे सोमवार ते गुरुवार दुसऱ्या गावच्या कारखान्यात असतात. नेमकं तेव्हाच काही झालं, तर तू कुणाला काय सांगशील? इथे इंग्रजीला कुणी विचारत नाही. तू मदतीला येशील, की मला तुझीही काळजी करावी लागेल?"

मी इंग्रजी माध्यमात शिकले. चौतीस वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. इंग्रजी चांगलं असलं की जगात कुठेही अडत नाही, हे मी किती मुलांना सांगितलं असेल. आणि माझीच मुलगी मला हे विचारत होती. मी म्हटलं, "मला महिनाअखेरपर्यंत वेळ दे." ती म्हणाली, "ठीक आहे. तोपर्यंत बघू. नाहीतर मी इथली एक बाई लावते, तिचं नाव काढून ठेवलंय." तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. आठव्या महिन्यातली बाई जसा व्यवहार बघेल तसा ती बघत होती. म्हणून ते जास्त लागलं.

गेमची कल्पना तुमच्या बाबांची. ते म्हणाले, "आई, मोबाइलवर नका शिकू. दर दोन मिनिटांनी जाहिरात येते आणि मग तुम्ही चिडता. तुमच्याच माळ्यावर माझ्या पुस्तकांच्या खोक्यात जुना गेम आहे. त्यात प्रवाशांसाठी जपानी शिकवायचं कार्ड आहे. कॉलेजात हौसेने घेतलं होतं, दोन धड्यांच्या पुढे गेलो नाही."

त्या वस्तूचं मला एक आवडलं. तिच्यात दुसरं काही नव्हतं. ना बातम्या, ना कुणाचे गुड मॉर्निंग. वरच्या पडद्यावर शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ येई, खालच्या पडद्यावर प्लास्टिकच्या काडीने ते अक्षर गिरवायचं, मग शब्द मोठ्याने म्हणायचा. तो ऐकून गेम तारे द्यायचा. कुकरची शिट्टी झाली किंवा रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला की माझा एक तारा जायचा. धडे असे होते: नमस्कार, स्वतःची ओळख, आकडे, स्टेशन, हॉटेलची खोली, उपाहारगृह, खरेदी, रस्ता विचारणे, हवामान, आणि दहावा, डॉक्टरकडे.

तुमच्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मेनूत जाऊन सगळे धडे एकदम उघडता येतात. तुम्हाला हवा तो आधी करा."

मी केलं नाही. आता इथे मला माझी खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या विभागात प्रश्नपत्रिकेचं पाकीट वेळेच्या एक मिनिट आधी उघडायची सोय नव्हती. प्राचार्य समोर उभे असले तरी नाही. पहिला पेपर झाल्याशिवाय दुसऱ्याच्या पाकिटाला हात लागत नसे. ती शिस्त माझ्या हातात बसलेली. मी ठरवलं, एका धड्यात सगळे तारे मिळाल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही. एका कागदावर दहा ओळी आखून मी तो फ्रिजवर लावला. सहा ओळींवर बरोबरची खूण झाली. सातव्या, खरेदीच्या धड्यावर मी अडकले. एक लांब वाक्य होतं, "याहून लहान आहे का?" अशा अर्थाचं, त्यावर गेम मला काही केल्या शेवटचा तारा देईना. आठ दिवस मी त्याच धड्यावर होते.

रोज अकराच्या सुमारास मखमलाबादकडून एक भाजीवाली हातगाडी घेऊन आमच्या गल्लीत यायची. मळा घरचाच. ती पायरीवर टेकायची, पाणी प्यायची आणि माझ्या हातातल्या गेमकडे बघायची.

"आजी, पोरांनी खेळायचं ते तुम्ही खेळून राहिल्या?"

"खेळत नाही गं. शिकतेय. जपानी."

"मंग ते दटावतंय कशाला तुम्हाला? रोज टूंऽऽ करतं." चुकलं की गेम तसा आवाज करायचा. "आमच्या शाळंतला मास्तर बी असाच व्हता. पास काय करत नव्हता. मेथी ठेवू का जुडी?"

आता डब्यांचं सांगते, कारण तेही हवं. तुमच्या तिकडच्या घराच्या शेजारी, व्हरांड्यातल्या पुढच्याच दारात, एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी इकडून कुरिअरने चिवडा पाठवला, तेव्हा तुमच्या आईला बजावलं होतं, "शेजारी डबाभर दे. पोरीच्या हाती दे, म्हणजे ओळख होते. आणि तिला सांग, कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही." त्या बाईंनी डबा परत दिला तो संत्री भरून. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत तिकडेही आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. मग ते सुरूच झालं. तीन डबे फिरत असायचे. त्या दिवशी त्यांतला एक शेजारी होता.

तो मंगळवार होता. इकडे साडेअकरा, म्हणजे तिकडे दुपारचे तीन. मी टॅब्लेटवर व्हिडिओ कॉल लावला. तुमच्या आईने फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता. तिचा चेहरा सुजलेला दिसत होता. मी विचारलं. ती म्हणाली, "सकाळपासून डोकं ठणकतंय. पायही सुजलेत. उद्या तपासणी आहेच." मी म्हटलं, मीठ कमी कर, डाव्या कुशीवर पड. आणि मग, हे लिहिताना मला लाज वाटते, मी म्हटलं, "पाच मिनिटं माझा धडा ऐक. तू दुकानदार हो."

ती झाली. ती नाही म्हणाली असती तर मला वाईट वाटलं असतं, हे तिला माहीत होतं.

मी दुकानात शिरले, नमस्कार केला, एक वस्तू मागितली. मग ते अवघड वाक्य म्हटलं. तिने "हो, आहे, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. ती गप्प राहिली. मला वाटलं माझा उच्चार चुकला. मी वाक्य पुन्हा म्हटलं. ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्याकडे नाही, जरा बाजूला. मी तिसऱ्यांदा, सावकाश म्हटलं.

"आई," ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय."

ती टेबलाला धरून उठली आणि पडद्याबाहेर गेली. मला फ्रिज आणि खिडकीचा अर्धा भाग दिसत होता. खुर्ची पडल्याचा आवाज आला. त्यानंतर दुसरा आवाज आला, तो खुर्चीचा नव्हता.

मी तिला हाका मारल्या. किती, ते आठवत नाही. मग पडद्यावर खालून थोरलीचं कपाळ आलं, आणि डोळे.

"आज्जी, आई खाली झोपली."

"फोन उचल बाळा. दोन्ही हातांनी. मला आई दाखव."

तिने दाखवलं. तुमची आई कुशीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे. एक हात सारखा झटके देत होता.

"आईचा हात हलतोय," थोरली म्हणाली. "पण ती बोलत नाहीये."

तिकडचा तातडीचा नंबर माझ्या डायरीत होता. एक, एक, नऊ. पण तो नाशिकहून लागत नाही. थोरलीला लावायला सांगावा, तर हा कॉल बंद करावा लागला असता, आणि एकदा मी तिच्या हातातून सुटले की चार वर्षांच्या पोरीने पुढे काय केलं असतं? तुमच्या बाबांचा फोन कामाच्या वेळी कारखान्यातल्या कपाटात असायचा. उरल्या शेजारच्या बाई.

"आता शेजारच्या आज्जींकडे जायचं. फोन हातातच ठेव. चल."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. मागे वळली.

"काय झालं? चल ना!"

"डबा कुठेय?"

"डबा नको."

"तू म्हणालीस रिकाम्या हाताने जायचं नाही." आणि ती खरंच ओट्याकडे डबा शोधायला निघाली. पडद्यावर ओट्याच्या कडा, कपबश्या, नळ असं काय काय फिरायला लागलं.

मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "डबा राहू दे! तशीच जा! पळ!" ती रडायला लागली, पण पळाली. स्टुलावर चढून तिने वरची कडी काढली. मला फक्त आवाज येत होते.

"आजी, मेथी घेता का, कवळी हाय," असं म्हणत भाजीवाली दारात आली, आणि माझं तोंड बघून चपला न काढता आत आली. मी माझा मोबाइल तिच्या हातात दिला. "हा नंबर लाव. माझ्या जावयाचा. उचलेपर्यंत लाव. मुलगी पडलीय."

तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिने लावला, कानाला धरला, पुन्हा लावला.

तिकडे व्हरांड्यात चित्र अडकायला लागलं. घरातल्या वायफायवरचा फोन, घराबाहेर आल्यावर किती चालणार? थोरलीचा कान तेवढा पडद्यावर गोठून राहिला. मग हलला. बेल वाजली. दार उघडलं. पांढरे केस, ॲप्रन, आणि हसरा चेहरा. थोरलीने फोन उंच धरला.

त्या बाईंना काय दिसलं, हे मी नंतर पुष्कळदा डोळ्यांपुढे आणून पाहिलं. डब्याची मुलगी दारात आली आहे. तिने हातातल्या फोनवर आपली भारतातली आजी आणली आहे, तो चिवडा पाठवणारी. पोरीचे डोळे ओले आहेत, पण ती नेहमीच लाजरी. त्या मला कमरेत वाकून नमस्कार करायला लागल्या.

आणि मीही उलट नमस्कार केला. पहिल्या धड्यात गेमने तो शेकडो वेळा माझ्याकडून करून घेतला होता. समोरून तो शब्द आला की माझ्या तोंडून आपोआप परतफेड व्हायची. "कोन्निचिवा," मी म्हटलं, आणि मानही लववली. माझी मुलगी आत जमिनीवर पडलेली आणि मी मान लववत होते.

त्या खूश झाल्या. भराभर बोलायला लागल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, "ओइशी", म्हणजे चविष्ट. त्या चिवड्याचं कौतुक करत होत्या. मग "चोत्तो मात्ते" म्हणाल्या, म्हणजे जरा थांबा, आणि आत निघून गेल्या. डबा आणायला. भरून आणायला.

उघडं दार, आतली भिंत, भिंतीवर एक कॅलेंडर. मी त्या रिकाम्या दाराकडे ओरडायला लागले, "सुमिमासेन! सुमिमासेन!" हा उपाहारगृहात वेटरला बोलवायचा शब्द. दुसरा माझ्याकडे नव्हता. 'वाचवा' नव्हता. 'पडली' नव्हता. 'आजारी' नव्हता. ते सगळे दहाव्या धड्यात होते, आणि दहावा धडा मी उघडला नव्हता.

"लागत नाय आजी," भाजीवाली म्हणाली. "बाई विंग्रजीत कायतरी सांगती आन् बंद व्हतं."

"लावत राहा."

त्या बाई डबा घेऊन आल्या. माझा आवाज ऐकून त्यांचं हसू जरा कमी झालं होतं, पण डबा त्यांनी थोरलीपुढे केलाच. थोरलीने एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने तो घेतला आणि चित्र तिरकं झालं.

मी माझ्याकडे जे होतं ते बाहेर काढलं. "मुसुमे," मी म्हटलं. मुलगी. "हेया." खोली. हा हॉटेलचा शब्द. त्यांनी मान डोलावली. "हाय, हाय," म्हणजे हो, हो. मुलगी घरात आहे, बरं, बरं.

"हाय हाय का करून राहिली ती?" भाजीवाली घाबरून माझ्या खांद्याशी आली. "गेलं का कोण?"

"नाही गं, 'हो' म्हणतेय ती. तू फोन लाव."

मग मला हॉटेलच्या धड्यातलं आणखी एक आठवलं. खोलीतून स्वागतकक्षाला फोन मागायचा प्रसंग होता. आणि तिसरा धडा आकड्यांचा होता, तो मला झोपेतही येत होता. मी टॅब्लेट तोंडाजवळ नेला. "देन्वा ओ कुदासाइ." फोन, कृपा करून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी एकेक बोट वर करत म्हटलं, "इची. इची. क्यू."

एक. एक. नऊ.

त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावरचं हसू ज्या वेगाने गेलं, तो वेग मी विसरणार नाही. त्यांनी थोरलीकडे पाहिलं, शेजारच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि पायातल्या घरच्या सपाता तशाच ठेवून धावल्या. मी त्यांना सत्तरीच्या वरच्या धरत होते. त्या वयात कुणी तसं धावताना मी पाहिलेलं नाही.

यानंतर मला नीट काही दिसलं नाही. थोरली त्यांच्या मागे गेली असावी, कारण मधेच छत दिसायचं, मधेच तिचा गुडघा. आतून त्या बाईंची किंकाळी नाही, एक लहानसा आवाज आला. मग त्या फोनवर बोलायला लागल्या, भराभर, स्पष्ट. मग अचानक त्यांचा चेहरा माझ्यासमोर आला. कानाला त्यांचा फोन, आणि त्या मला काहीतरी विचारत होत्या. मला प्रश्न आहे एवढं कळलं. प्रश्नातलं काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं आणि स्वतःच्या पोटासमोर हाताने गोल केला.

कितवा महिना.

मी दोन्ही हात वर केले, आठ बोटं. "हाची." त्यांनी ते पलीकडे सांगितलं.

सायरन आला. आपल्याकडच्यासारखा नाही, जरा संथ. हेल्मेट घातलेली माणसं आत आली. एकाने फोन उचलून माझ्याशी काही बोलायचा प्रयत्न केला, मी त्याला तो नंबरच पुन्हा सांगितला, कारण दुसरं काय सांगणार. त्याने वाकून फोन बंद केला. टॅब्लेटवर तुमच्या आईचा हसरा फोटो आला आणि त्याखाली लिहून आलं, कॉल संपला.

त्या क्षणापासून तुमच्या बाबांचा फोन लागेपर्यंत दीड तास गेला. भाजीवालीने तो नंबर किती वेळा लावला ते तीच जाणे. तिची गाडी उन्हात उभी होती. मी म्हटलं, "तू जा, भाजी सुकेल." ती म्हणाली, "सुकू द्या." मग उठून मेथी-कोथिंबिरीच्या पाट्या तिने माझ्या व्हरांड्यात आणून ठेवल्या आणि वर ओलं फडकं टाकलं, आणि पुन्हा येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. एक वाजून गेल्यावर तिच्या हातातला फोन वाजला. ती दचकून तो माझ्याकडे फेकणारच होती.

मी तुमच्या बाबांना चार वाक्यांत सांगितलं. ते फक्त "कोणतं हॉस्पिटल?" म्हणाले. मला माहीत नव्हतं. "पोरगी?" शेजारी असावी. "मी निघतो," म्हणाले.

मग वाट बघणं राहिलं. तुमच्या बाबांना पोचायलाच तीन तास लागणार होते. मी बसून काय करणार? मी तो गेम उघडला. मेनूत गेले. सगळे धडे उघडायचं बटण, ते जे तुमच्या बाबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ते दाबलं. दहाव्या धड्याच्या पहिल्याच पानावर, पहिलाच शब्द 'रुग्णवाहिका' हा होता. त्याच्याखाली 'मदत करा'. त्याच्याखाली 'बेशुद्ध'. त्या तीन शब्दांना मला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. तीन आठवडे ते माझ्या हातात होते.

मी तो धडा पाठ करत बसले. काडीने गिरवत, मोठ्याने म्हणत. माझा आवाज कापत होता, म्हणून गेम एकही तारा देईना. सारखा तो टूं आवाज.

"बंद करा ना ते," भाजीवाली शेवटी म्हणाली. "आता त्याच्यापुढं कशाला परीक्षा देता?"

"मी हे आधी वाचायला हवं होतं गं."

"मंग वाचलं नाय तर काय ती माणसं आलीच नाय का? आली ना? तुम्हीच बोलावली ना?" ती चिडलीच होती माझ्यावर. "चा ठेवते."

साडेसहाला तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, मुलगा झालाय. ऑपरेशन करून काढावं लागलं. वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय, पण रडला." ते थांबले. मी विचारलं नाही. "ती अजून शुद्धीवर नाही. बीपी फार वर गेलं होतं, म्हणून झटके आले. डॉक्टर म्हणतात, अजून वीस मिनिटं उशीर झाला असता तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले."

थोरली शेजारच्या बाईंकडे जेवली आणि तिथेच झोपली, एवढं त्यांनी सांगितलं. भाजीवाली तिन्हीसांजेला घरी गेली. त्या रात्रीचं मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. मी वीस मिनिटांचा हिशोब करत होते. त्यातली पाच मी दुकानदार-दुकानदार खेळण्यात घालवली होती. एक डबा शोधण्यात. दोन नमस्कारात आणि चिवड्याच्या कौतुकात. पुन्हा पुन्हा तीच बेरीज.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच भाजीवाली आली. गाडी न घेता. आल्या आल्या म्हणाली, "काय कळलं का?" मी मान हलवली. ती पायरीवर बसली. मी आत खुर्चीवर.

अकराला फोन वाजला. तुमच्या बाबांचा नंबर. मी उचलला आणि पलीकडून श्वासाचा आवाज आला, मग अगदी बारीक, घसा बसलेला आवाज.

"आई."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आई, हे सांगत होते. तू तिकडून त्यांना बोलावलंस म्हणे." ती दम घेत घेत बोलत होती. "मला काही आठवत नाही."

"नको आठवूस. झोप."

"तू कधी येतेस?"

"मला अजून तिथलं धड बोलता येत नाही," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेच निघालं. "काल मला साधा 'आजारी' हा शब्द येत नव्हता. महिनाअखेरीला तू बघणार होतीस ना, तोपर्यंत मी..."

"आई," ती म्हणाली, "ते राहू दे. तू ये. लवकर ये."

मागे नर्सचा आवाज आला आणि फोन तुमच्या बाबांनी घेतला. ते म्हणाले, व्हिसाच्या कार्यालयाला हॉस्पिटलचं पत्र आजच पाठवतो, म्हणजे लवकर होईल. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले.

भाजीवाली दारातून बघत होती. "काय म्हणाली?"

"ये म्हणाली."

"मंग बसल्या काय आजी?" ती म्हणाली. "उठा की."